पाचूची साक्ष : खेळातील रत्न आणि खाणीतील रत्न

१

व्हिडिओ गेममधील एखादी वस्तू आणि वास्तवातील तिची प्रतिवस्तू यांचा एकत्र विचार करू लागले की समीक्षेपुढे साधारणतः दोन मळलेल्या वाटा येतात. पहिली वाट तुलनेची. खेळातील वस्तू खऱ्या वस्तूशी कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही हे पाहायचे, आणि जुळण्याच्या प्रमाणात खेळाला श्रेय द्यायचे. अनुकृतिविचाराची ही सर्वांत प्राथमिक अवस्था होय. कादंबरीच्या बाबतीत आपण ती केव्हाच मागे टाकली. परंतु नवे माध्यम समोर आले की ती पुन्हा डोके वर काढते. दुसरी वाट नेमकी विरुद्ध दिशेची. झाँ बोद्रियार यांच्या १९८१ मधील ग्रंथापासून रूढ झालेल्या प्रतिरूपाच्या संकल्पनेचा आधार घ्यायचा, मूळ आणि प्रत हा भेदच आता उरलेला नाही असे म्हणायचे आणि विषय संपवायचा. पहिल्या वाटेने जाणारा समीक्षक भोळा ठरतो आणि दुसऱ्या वाटेने जाणारा चतुर. परंतु समोरच्या वस्तूकडे पुरेसे न पाहण्याचा दोष दोघांच्याही ठायी सारखाच आहे.

प्रस्तुत लेखात एकाच वस्तूकडे जरा थांबून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ती वस्तू म्हणजे ‘माइनक्राफ्ट’ या खेळातील पाचू. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : खेळातील पाचू आणि खाणीतील पाचू या दोहोंचे मूल्य एखाद्या व्यवस्थेतून निर्माण होते, आणि दोहोंच्या दुर्मिळतेत कथनाचा मोठा वाटा असतो. येथपर्यंत चिन्हमीमांसकांचे म्हणणे मान्य करावे लागते. परंतु खाणीतील पाचू स्वतःविषयी सांगितलेली कथा प्रसंगी खोटी ठरवू शकतो. खेळातील पाचूला ते शक्य नाही. हा भेद नुसत्या रत्नांपुरता मर्यादित नाही. ज्याला आपण संहिता म्हणतो तिच्यात आपल्या अन्वयार्थाला विरोध करू शकेल असे काही असते काय, या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. आणि म्हणूनच तो साहित्यसमीक्षेचा विषय ठरतो.

२

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी काही माहिती देणे आवश्यक आहे. मार्कुस पेर्सॉन या स्वीडिश निर्मात्याने २००९ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ प्रथम लोकांपुढे ठेवला. २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची निर्माती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. खेळातील सारे जग घनाकृती ठोकळ्यांचे आहे. खेळाडू झाडे तोडतो, जमीन खणतो, दगड, कोळसा, लोखंड, सोने, हिरे मिळवतो आणि त्यांतून अवजारे, चिलखते, घरे तयार करतो. या जगात खेड्यांतून राहणारे ग्रामस्थ आहेत. ऑगस्ट २०१२ मधील आवृत्तीत या ग्रामस्थांशी देवघेव करण्याची सोय झाली आणि तिच्याबरोबरच चलन म्हणून पाचू खेळात आला.

येथे एक तपशील लक्षणीय आहे. निर्मात्यांनी चलनासाठी प्रथम पाचू नव्हे, तर माणिक योजले होते. परंतु खेळात ‘रेडस्टोन’ नावाचे दुसरे एक लाल खनिज आधीपासून होते, आणि निर्मात्यांपैकी एकाला रंगांधळेपणामुळे ही दोन खनिजे परस्परांपासून ओळखणे कठीण जाऊ लागले. म्हणून माणिक गेले आणि त्याच्या जागी पाचू आला. नियम तेच राहिले, देवघेव तीच राहिली.

फर्दिनां द सोस्यूर यांच्या मूल्यविषयक विवेचनाला याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत बुद्धिबळाचा दाखला येतो. सोंगट्या लाकडाऐवजी हस्तिदंताच्या केल्या म्हणून खेळाच्या व्यवस्थेत काही फरक पडत नाही. सोंगट्यांची संख्या कमी-अधिक केली तर मात्र पडतो. चिन्हाचे मूल्य त्याच्या द्रव्यात नसून व्यवस्थेतील इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या वेगळेपणात आहे, हा त्या विवेचनाचा गाभा. खेळात पाचू आला तो हिरव्या रंगाला काही अर्थ होता म्हणून नव्हे. तो ‘रेडस्टोन’पासून वेगळा दिसत होता म्हणून आला. एस्पेन आर्सेथ यांनी २००४ मधील एका लेखात याच दिशेचा मुद्दा मांडला होता. लारा क्रॉफ्ट या प्रसिद्ध खेळनायिकेची देहयष्टी वेगळी असती तरी आपले खेळणे वेगळे झाले नसते, कारण खेळताना आपण तिच्याकडे नव्हे, तर तिच्यापलीकडे पाहत असतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या १९९७ मधील ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथापासून खेळांच्या अभ्यासात जो वाद सुरू झाला, त्यात प्रतिमेपेक्षा नियम प्रधान मानणाऱ्या पक्षाची ही भूमिका होय. पाचूच्या बाबतीत ती बव्हंशी खरी आहे.

आता या पाचूचा उपयोग पाहू. हिऱ्यापासून खेळाडू कुदळ, तलवार, चिलखत करू शकतो. पाचूपासून यांपैकी काहीही होत नाही. शोभेचा ठोकळा, दीपस्तंभासारख्या एका रचनेचा पाया आणि २०२३ नंतर चिलखतावरील नक्षी, एवढे सोडले तर त्याचे सारे प्रयोजन देवघेवीत आहे. राज्यशास्त्रीय अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हिऱ्याला उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य ही दोन्ही आहेत. पाचू हे जवळजवळ निखळ विनिमयमूल्य आहे.

आणि त्याची दुर्मिळता? भूगर्भातील खनिजांमध्ये पाचू सर्वांत दुर्मिळ मानला जातो. तो केवळ डोंगराळ प्रदेशात आणि तेथेही बहुधा एकेकट्या ठोकळ्याच्या रूपाने सापडतो; हिऱ्याच्या किंवा लोखंडाच्या सलग शिरा असतात तशा त्याच्या नसतात. परंतु खेड्यातील बाण करणाऱ्या ग्रामस्थाला बत्तीस काड्या दिल्या की तो एक पाचू देतो. झाडाच्या एका ओंडक्यातून आठ काड्या निघतात. म्हणजे एका पाचूची किंमत चार ओंडके. शेतकरी ग्रामस्थ वीस गव्हांना एक पाचू देतो. एका दिवसात किती वेळा देवघेव करता येईल यावर मर्यादा आहे, २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत मागणीनुसार भावही चढतो. परंतु ग्रामस्थाजवळचे पाचू कधी कायमचे संपत नाहीत. ते त्याच्याकडे कोठून आले हे खेळ सांगत नाही. त्याच्याजवळ पाचूंचा साठा मुळात नाहीच. देवघेव झाली की पाचू निर्माण होतो. त्यामुळे जमिनीखाली दुर्मिळ असलेले हे रत्न जमिनीवर मुबलक आहे, आणि एकही पाचू खणून न काढता खेळाडू शेकडो पाचू जमवू शकतो.

मग डोंगरातील ती दुर्मिळता कशासाठी? माझ्या मते ती एक कथा आहे. देवघेवीच्या नियमाला तिची गरज नाही. गरज आहे ती चलनाला ‘रत्न’ म्हणण्यासाठी. पाचूला भूगर्भ आहे, कष्टाने गाठावा लागणारा उगम आहे, हे दाखवल्यामुळे बाजारातील हिरव्या चिन्हाला एक भारदस्तपणा येतो. मात्र ही कथा वस्तूला चिकटत नाही. डोंगर पोखरून मिळवलेला पाचू आणि चार ओंडक्यांच्या बदल्यात घेतलेला पाचू हे खेळाडूच्या पोतडीत एकाच राशीत जाऊन बसतात. अशी रास चौसष्टांची होते आणि त्यांतला कोणता पाचू कोठला हे नंतर कोणालाही, प्रत्यक्ष खेळालाही, सांगता येत नाही. खेळातील पाचूला भूतकाळ नाही.

३

आता खाणीतील पाचूकडे वळू. तो बेरिल या खनिजाचा हिरवा प्रकार. बेरिलला बेरिलियम लागते, हिरव्या रंगाला क्रोमियम किंवा व्हॅनेडियम. बेरिलियम बहुधा ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या परिसरात आढळते, तर क्रोमियम पृथ्वीच्या प्रावरणातून आलेल्या अगदी वेगळ्या जातीच्या खडकांत. या दोन मूलद्रव्यांची गाठ क्वचितच पडते आणि पाचूच्या दुर्मिळतेचे भूशास्त्रीय कारण हेच आहे. कोलंबियातील पाचू याला अपवाद आहेत. तेथे अँडीजच्या पूर्व रांगेत, काळ्या शेल खडकांतून वाहणाऱ्या उष्ण आणि अतिशय खारट द्रवाने ही मूलद्रव्ये त्याच खडकांतून सोडवून घेतली आणि भेगांमध्ये पाचूचे स्फटिक तयार झाले. या स्फटिकांच्या पोटात त्या द्रवाचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. अशा एका पोकळीत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा स्फटिक हे तिन्ही एकत्र दिसणे ही कोलंबियन पाचूची प्रसिद्ध खूण आहे.

परंतु दुर्मिळतेचे भूशास्त्र वेगळे आणि दुर्मिळतेचा बाजार वेगळा. सोळाव्या शतकात स्पॅनिश आक्रमकांनी चिवोर परिसरातील खाणी ताब्यात घेतल्या आणि मुझो लोकांच्या प्रदीर्घ प्रतिकारानंतर मुझोच्याही खाणी मिळवल्या. तेथे मूळ रहिवाशांना वेठीस धरून आणि पुढे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून पाचू काढले गेले. ते कार्ताहेना बंदरातून सेव्हिल-लिस्बनला आणि तेथून पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत गोव्याला येत. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजमुकुटाखाली होते. गोवा हे त्या काळी रत्नव्यापाराचे एक मोठे केंद्र होते. तेथून हे हिरवे खडे मोगल आणि दख्खनी दरबारांकडे जात. कोलंबियातून निघालेला पाचू पैलू पडून, कोरला जाऊन मोगल रत्न झाला. ‘मोगल पाचू’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या २१७.८० कॅरेटच्या खड्यावर एका बाजूस अरबी प्रार्थना आणि हिजरी ११०७, म्हणजे इसवी सनाचे १६९५-९६ हे वर्ष कोरलेले आहे. दुसऱ्या बाजूस फुलांची नक्षी आहे. अशा खड्यांवरील लेख भारतातील. द्रव्य दक्षिण अमेरिकेतील.

या प्रवासात पाचूच्या उगमाची एक कथा तयार झाली. भारतातील आणि नंतर युरोपातीलही जाणकार ‘जुन्या खाणीचे’ आणि ‘नव्या खाणीचे’ असा पाचूंचा भेद करत. जुन्या खाणीचे म्हणजे पूर्वेकडील कोठल्यातरी प्राचीन, बहुधा लुप्त झालेल्या खाणींमधले. नवे म्हणजे अमेरिकेतून आलेले. जुन्यांना मान अधिक. राजघराण्यांच्या संग्रहांतील उत्तमोत्तम पाचू जुन्या खाणीचे समजले जात. ही खाण कोठे होती हे कोणी दाखवू शकत नव्हते. परंतु तिचे न सापडणे हाच तिच्या प्रतिष्ठेचा आधार होता.

२००० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या कथेची परीक्षा केली. पाचूच्या स्फटिकरचनेतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण खाणीगणिक वेगवेगळे असते. त्यावरून खड्याचा उगम ठरवता येतो. तपासलेल्या पाचूंमध्ये हैदराबादच्या निजामाच्या, म्हणजे १९४८ पर्यंत आपला मराठवाडा ज्या राज्याचा भाग होता त्या राज्याच्या, खजिन्यातील ‘जुन्या खाणीचे’ म्हणून ओळखले जाणारे खडेही होते. त्यांतले बहुतेक कोलंबियाचे निघाले. लुप्त पौर्वात्य खाणीचे म्हणून मिरवलेले पाचू वस्तुतः अँडीजमधून, अटलांटिक आणि हिंदी महासागर ओलांडून आलेले होते.

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, १८६७ मध्ये, वस्तूच्या मूल्यविषयक भ्रमाची चर्चा करताना म्हटले होते की मोत्यात किंवा हिऱ्यात विनिमयमूल्य आजवर कोणाही रसायनशास्त्रज्ञाला सापडलेले नाही. ते अजूनही सापडलेले नाही आणि सापडणारही नाही. मूल्य सामाजिक असते, द्रव्यात नसते. परंतु रसायनशास्त्रज्ञांना दुसरे काही सापडले. ज्या वाटेने ते मूल्य निर्माण झाले त्या वाटेचा आरंभ त्यांना द्रव्यात सापडला. मूल्य दगडात नसले तरी मूल्याच्या कथेविरुद्धचा पुरावा दगडात असू शकतो. चिन्हमीमांसेच्या नेहमीच्या मांडणीत या शक्यतेला फारशी जागा नाही.

४

आपल्या परंपरेत रत्नपरीक्षा हे स्वतंत्र शास्त्र आहे. बृहत्संहितेत वराहमिहिराने मरकतासाठी एक छोटासा अध्याय दिला आहे. पोपटाचा पंख, बांबूचे पान, केळ, शिरीषाचे फूल यांच्या वर्णाशी तो मरकताची तुलना करतो आणि देव-पितृकार्यात ते धारण करणे शुभ मानतो. गरुडपुराणातील रत्नप्रकरणात मरकताच्या उत्पत्तीची कथा येते. बल नावाच्या असुराचे पित्त घेऊन वासुकी जात असता गरुडाने त्याच्यावर झडप घातली, ते पित्त खाली पडले आणि त्याचे मरकत झाले. म्हणून त्याचे एक नाव ‘गारुत्मत’. रत्नाच्या परीक्षेबरोबरच त्याच्या उगमाचे कथन देणे या शास्त्राला आवश्यक वाटले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

या शास्त्राची परिभाषा आणि काव्यशास्त्राची परिभाषा यांत एक जवळीक आहे. दोन्ही शास्त्रे गुण आणि दोष या पदांनी बोलतात. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याच्या लक्षणात शब्दार्थ दोषरहित असावेत अशी अपेक्षा घातली. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त तिच्यावर आक्षेप घेतला. दोषरहित हीच अट धरली तर काव्य म्हणावे असे फारच थोडे उरेल, असा त्याचा युक्तिवाद. आणि त्याच्या समर्थनार्थ त्याने दृष्टान्त घेतला तो रत्नाचाच. किड्याने वेधलेले रत्न हे रत्नच राहते. दोषामुळे त्याची प्रत कमी होईल, रत्नपण जाणार नाही.

विश्वनाथाचा हा दृष्टान्त पाचूला लावून पाहिला तर त्याचा अर्थ थोडा पुढे नेता येतो. पाचूच्या पोटातील तडे, पडदे, कण आणि थेंब यांना युरोपातील जवाहीर ‘जार्दिन’, म्हणजे बाग, असे म्हणतात. पूर्णतः निर्मळ पाचू इतका विरळा की या बागेविना पाचू फारसा पाहायलाच मिळत नाही. बाजाराच्या दृष्टीने हा दोष. परंतु तो मिठाचा स्फटिक आणि तो वायूचा बुडबुडा यांमुळेच पाचू कोठला हे ओळखता येते. ज्या ठिकाणी रत्न सदोष आहे त्या ठिकाणी ते स्वतःविषयी काही सांगते. दोषामुळे रत्नपण जात नाही, एवढेच विश्वनाथाला म्हणायचे होते. दोष हा रत्नाचा इतिहास असतो, असे आपण त्यापुढे जाऊन म्हणू शकतो.

खेळातील पाचूला दोष नाही. त्याच्या चित्रात सुबक पैलू आहेत आणि प्रत्येक पाचूचे चित्र एकच आहे. मम्मटाची अट तो तंतोतंत पूर्ण करतो. परंतु त्याच्या या निर्दोषतेमुळेच त्याला परीक्षा लागू होत नाही. तो खरा की खोटा, जुना की नवा, कोठला, असे प्रश्न त्याला विचारताच येत नाहीत. माणकाचा पाचू झाला ही हकीकतही आपल्याला निर्मात्यांनी सांगितली म्हणून कळते. पाचूकडे पाहून ती कोणाला कळली नसती.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येऊ शकतात. ते दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप पाठचिकित्सेच्या बाजूने येईल. खेळ ही आज्ञावलीने बांधलेली रचना आहे. तिच्या एकापाठोपाठ एक आवृत्त्या निघाल्या आहेत आणि त्यांची तुलना करून प्रत्येक वस्तूचा इतिहास लावता येतो. मग खेळातील पाचूला भूतकाळ नाही असे कसे म्हणता येईल? हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. आवृत्त्यांचा इतिहास खरोखरच आहे आणि खेळांच्या अभ्यासात पाठचिकित्सेला आज मिळते त्याहून अधिक महत्त्वाचे स्थान मिळायला हवे. परंतु तो इतिहास ‘पाचू’ या प्रकाराचा आहे, एखाद्या पाचूचा नाही. हस्तलिखिताच्या बाबतीत आपण संहितेचा इतिहास आणि त्या विशिष्ट पोथीचा इतिहास असा भेद करतो; पोथीला वाळवी लागते, समासात टिपा पडतात, हात बदलतात. खेळातील पाचूला संहिता आहे, पोथी नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाणीतील पाचूमागे श्रम आहेत, हिंसा आहे. विसाव्या शतकातही मुझो परिसरात खाणींच्या ताब्यावरून टोळ्यांमध्ये रक्तरंजित संघर्ष झाला. १९९० मधील तहाने तो थांबेपर्यंत हजारो माणसे मेली. खाणीतून फेकलेल्या काळ्या मातीत आणि खालच्या नदीपात्रात पाचूचा तुकडा शोधत आयुष्य घालवणाऱ्यांना तेथे ग्वाकेरो म्हणतात. यांतले काहीही खेळात नाही. मग हे सगळे गाळून हिरवे चिन्ह तेवढे मुलांच्या हाती देणारा खेळ इतिहास पुसून टाकतो, एवढेच म्हणायचे काय? तसे म्हणणे सोपे आहे. परंतु खेळाडू प्रत्यक्षात काय करतात हे पाहिले तर चित्र बदलते.

ग्रामस्थ खेड्यात मोकळे हिंडत असतात. देवघेवीसाठी त्यांना शोधत फिरणे गैरसोयीचे पडते. म्हणून अनुभवी खेळाडू एक बांधकाम करतात. त्याला व्यापारगृह असे म्हणता येईल. त्यात ओळीने एकेका ठोकळ्याएवढ्या खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत एक ग्रामस्थ कोंडलेला असतो. समोर त्याच्या व्यवसायाची वस्तू, मागे भिंत. तो हलू शकत नाही. खेळाडू आला की देवघेव करतो. एवढ्यावर हे थांबत नाही. ग्रामस्थाला झोंबीकडून बाधा करवून मग औषधाने बरे केले तर कृतज्ञतेपोटी तो खेळाडूला स्वस्तात माल देतो, असा खेळाचा नियम आहे. हा नियम मुळात दयेला बक्षीस म्हणून योजला असावा. खेळाडू ग्रामस्थांना मुद्दाम बाधा करवतात आणि मग बरे करतात.

हे करा असे खेळ कोठेही सांगत नाही. व्यापारगृहाची कल्पना खेळाडूंनी काढली. अमेरिकेतील वेठबिगारीची या खेळाडूंना आठवण असेल असे मानण्याचे कारण नाही; बहुतेक तर मुले आहेत. परंतु दुसऱ्याच्या हातून मिळणारे एक चलन, त्या दुसऱ्याला स्वतःची इच्छा नसणे आणि अधिक मिळवण्याला मर्यादा नसणे अशी नियमांची मांडणी केली, की कोंडवाडा हे सर्वांत सोयीचे उत्तर ठरते. इतिहास खेळाच्या प्रतिमेतून पुसला गेला आणि नियमांच्या वापरातून परत आला. त्याची खूण मात्र पाचूवर उमटत नाही. कोंडलेल्या ग्रामस्थाकडून घेतलेला पाचू आणि मोकळ्या ग्रामस्थाकडून घेतलेला पाचू त्याच चौसष्टांच्या राशीत शेजारी शेजारी बसतात.

या निरीक्षणाने आर्सेथ यांच्या भूमिकेला एक दुरुस्ती सुचते. प्रतिमा गौण आणि नियम प्रधान, हे त्यांचे म्हणणे मान्य केले तरी नियम म्हणजे निव्वळ रूप असे त्यातून निष्पन्न होत नाही. बुद्धिबळातील प्याद्याची चाल निर्विकार असू शकेल. परंतु ‘ग्रामस्थ’ म्हटलेल्या, ये-जा करणाऱ्या, रात्री झोपणाऱ्या आकृतीला कोंडून ठेवणे फायद्याचे ठरवणारा नियम तेवढा निर्विकार राहत नाही. खेळाचा आशय शोधायचा तर तो येथे शोधावा लागेल. रूपवादी आणि जीवनवादी असा जो वाद मराठी समीक्षेत दीर्घकाळ चालला, त्यातले दोन्ही पक्ष या ठिकाणी एकाच प्रश्नापाशी येतात, कारण येथे रूपाचे वर्णन पुरे करणे म्हणजेच त्यातील जीवनाचे वर्णन करणे होय.

६

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे आता परत येता येईल. संहितेत आपल्या अन्वयार्थाला विरोध करणारे काही असते काय? गेल्या अर्धशतकातील साहित्यविचाराने अर्थ वाचकाच्या, वाचकसमूहाच्या, प्रवचनाच्या बाजूला नेला. त्यातून पुष्कळ लाभ झाला. ‘जुन्या खाणीचा पाचू’ हे एका वाचकसमूहाचे कथन होते हे आपल्याला दिसू शकले ते याच विचारामुळे. परंतु त्या विचाराला एवढ्यावर थांबून चालणार नाही. तो समूह शतकानुशतके एकमताने वाचत होता आणि तरीही ते वाचन चुकीचे होते. चूक दाखवली ती दुसऱ्या वाचकाने केलेल्या अधिक कल्पक वाचनाने नव्हे. खड्यात अडकून राहिलेल्या, कोणीही अर्थ म्हणून तेथे न ठेवलेल्या एका गोष्टीने ती दाखवली. सर्व काही चिन्हच आहे असे म्हणणाऱ्याला या घटनेचे स्पष्टीकरण देता येत नाही. आणि सर्व काही आता प्रतिरूपच आहे असे म्हणणाऱ्याला दोन पाचूंमधला फरक सांगता येत नाही.

साहित्यकृती ही या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. ती नियमांनी आणि संकेतांनी बांधलेली असते, त्या अर्थी खेळातील पाचूसारखी. परंतु तिच्यात काळाचे, बोलीचे, लेखकाच्या अनवधानाचे, लिपिकाराच्या हातचुकीचे असे काही अडकून राहते, त्या अर्थी खाणीतील पाचूसारखी. विद्यार्थ्यांना आपण संकेत ओळखायला शिकवतो आणि ते योग्यच आहे. परंतु कृतीतील जो शब्द, जी विसंगती किंवा जी अडखळ आपल्या अन्वयार्थात बसत नाही, तिला दोष म्हणून बाजूला सारण्याची घाई झालेली अनेकदा दिसते. ती अडखळ म्हणजे कदाचित किड्याने केलेला वेध असेल, कदाचित खारट पाण्याचा थेंब असेल. कृती कोठून आली हे सांगणारी तेवढीच एक गोष्ट तिच्यात उरलेली असू शकते, आणि म्हणून अन्वयार्थ पक्का करण्यापूर्वी तिची परीक्षा व्हायला हवी.

खेळांविषयी लिहिणाऱ्यांनीही ही परीक्षा आपल्या परीने केली पाहिजे. खेळातील रत्नाच्या पोटात काही नाही, हे एकदा कळले की त्याच्याकडे टक लावून पाहण्यात अर्थ उरत नाही. पाहायचे ते त्या कोंडवाड्याकडे. कारण त्या खेळात साक्ष देऊ शकेल असे काही असेल तर ते तेथेच आहे.